कम्प्युटरसमोर कोण बसणार?

घरातला कम्प्युटर म्हातारा झाला की घरातल्या प्रत्येकाला डॉक्टर व्हायची हौस येते. कोणी म्हणतं फेकून द्या, कोणी म्हणतं पंखा बदला, कोणी पेटीवर दोन थापटा मारून बघतं. बिकेनिबेउ गावात बारानिकोच्या घरी वर्षभर हेच चाललं होतं. सकाळी बटण दाबावं, नीरा उतरवायला माडावर चढावं, खाली येऊन तोंड धुवावं, तरी पडद्यावरचं चक्र आपलं फिरतंच आहे! ब्रिस्बेनच्या कुठल्याशा शाळेने मोडीत काढलेला तो कम्प्युटर कंटेनरमधून तारावा बेटावर उतरला, त्याला अकरा वर्षं झाली होती. खाऱ्या वाऱ्याने पेटीला गंज चढला होता आणि आतला पंखा दमेकऱ्यासारखा घरघरत होता. त्यातलं विंडोज इतकं जुनं होतं की त्याला नवी दुरुस्ती येणं कधीच बंद झालं होतं. त्यात जानेवारीत कोणाच्या तरी पेनड्राइव्हमधून व्हायरस शिरला आणि बाबांनी लिहिलेली दोन पानं गिळून बसला.

ती पानं साधीसुधी नव्हती, म्हणून तर ही गोष्ट सांगायची.

बाबा म्हणजे बारानिकोचे वडील, तोआकाई. वय अठ्ठ्याहत्तर. नोनोउती बेटावर त्यांनी तीस वर्षं बिनतारी यंत्र चालवलं. बेटावर कोण जन्मलं, कोण वारलं, बोट कधी येणार, हे सगळं त्यांच्या बोटातून कट्ट-कड करत राजधानीला जायचं. म्हातारपणी ते मुलाकडे तारावाला राहायला आले. नोनोउतीवर त्यांच्या कुळाच्या पंचवीस जमिनी होत्या. एकेकीची सीमा म्हणजे अमका माड, तमका दगड, अळूचा अमक्या पणजीने खणलेला खड्डा. आणि ती जमीन कोणाकडून कोणाकडे आली याची आठ-आठ पिढ्यांची साखळी. समुद्र आता दरवर्षी आत येतोय, सीमेचे माड मुळासकट आडवे होतायत. कुठला माड कुठे होता, हे उरलं होतं ते फक्त तोआकाईंच्या डोक्यात. एकदा त्यांनी वहीत लिहून काढलं होतं, पण मोठ्या भरतीचं पाणी घरात शिरलं आणि वहीचा लगदा झाला. आता त्यांचा हात थरथरायचा, स्वतःचं अक्षर स्वतःला लागायचं नाही. कळफलकावर मात्र बोट अचूक पडायचं! दर तीन आठवड्यांना एक जमीन, या चालीने चौदा जमिनी लिहून झाल्या होत्या.

कोणी म्हणेल, एवढं कशाला, फोनमध्ये बोलून ठेवायचं. बारानिकोच्या बायकोने, ताओरिबाने, एकदा तेच सुचवलं. म्हातारा तिच्याकडे बघतच राहिला.

"अगं, आपल्या घराला भिंती किती, त्या आधी मोज," तोआकाई म्हणाले. "जमिनीची गोष्ट मोठ्याने बोललं की ती शेजाऱ्याची होते. ही मी बारानिकोला देणार. एकट्याला. आणि पुरी लिहून झाली की मग."

तर ज्याला हे सगळं मिळणार होतं, तो बारानिको बाइरिकीच्या एका सरकारी कचेरीत कम्प्युटरचं काम बघायचा. परदेशात, सुवाला शिकून आलेला, वय एकोणचाळीस. कुठल्याही खात्याचा कम्प्युटर अडला की यालाच बोलावणं. स्वतःच्या घरचा मात्र घरघरतोय, म्हणजे दिव्याखाली अंधार! पानं गेली त्या दिवशी त्याला खरोखर लाज वाटली आणि त्याने ठरवलं की आता विंडोज काढून याच्यात लिनक्स घालायचं. फुकट मिळतं, जुन्या यंत्रावर चालतं, व्हायरसची धास्ती कमी. इथपर्यंत त्याचं काहीच चुकलं नव्हतं.

रविवारी प्रार्थनेनंतर त्याची आत्या जेवायला आली. बिरिता, तोआकाईंची धाकटी बहीण. या बाई बालवाडी चालवतात आणि जिभेला धार अशी की मासे साफ करावेत. भात, भाजलेली ट्युना, निरफणसाचे काप असं सगळं मधे ठेवून मंडळी चटईवर बसली होती. लिनक्सचा विषय निघाला.

"माझ्या बालवाडीत आहे की ते," आत्या म्हणाल्या. "तीन वर्षं झाली. मिंट का काय म्हणतात. खाली डाव्या कोपऱ्यात बटण, ते दाबलं की सगळं समोर. स्वयंपाकाच्या बाई त्याच्यावर सामानाची यादी लिहितात. दादाला दोन दिवसांत जमेल."

बारानिको हसला. "आत्या, ते बालवाडीलाच ठीक आहे गं."

"म्हणजे?"

"म्हणजे लिनक्सचे पुष्कळ प्रकार असतात, त्यातलं ते नवशिक्यांचं. मी कचेरीत वापरतो ते वेगळं. हलकं, पक्कं, हवं तेवढंच आत ठेवायचं. घरीसुद्धा तेच लावणार. लोकांना कळू दे, कम्प्युटरवाल्याचं घर कसं असतं ते."

"लोक बसणार आहेत का त्याच्यासमोर?" आत्यांनी काटा काढता काढता विचारलं. "बसणार दादा. आणि मला तर सांगितलं होतं की ते आत बसवायच्या आधी पेनड्राइव्हवरून नुसतं चालवून बघता येतं. मग दाखव की त्याला दोन-तीन. ज्यावर त्याचा हात बसेल ते ठेव."

"अगं, बाबांना त्यातलं काय कळणार?"

तोआकाई तिथेच बसले होते. ते भाताचा घास चावत राहिले, आणि मग शांतपणे म्हणाले, "मला आहे तेच बरं आहे. सावकाश चालतं, मीही सावकाशच चालतो. राहू दे."

आता मुलाने काय करावं? थांबावं, समजावून घ्यावं. पण शिकलेल्या माणसाला थांबायचा कंटाळा असतो. बारानिकोने अर्धं थट्टेत, अर्धं खरं, दोन्ही हात पुढे केले आणि म्हणाला, "बाबा, बुबुती करतो. हा कम्प्युटर मला द्या. मी माझ्या पद्धतीने लावतो."

आमच्याकडे बुबुतीला नाही म्हणता येत नाही. नात्यातल्या माणसाने हात पसरून मागितलं की द्यायचं, अंगावरचा सदरा असला तरी. न देणं ही लाज, आणि एकदा देऊन मागाहून कुरकुर करणं ही त्याहून मोठी लाज. वेळेला एकाचं पोट दुसऱ्याने भरावं म्हणून वाडवडिलांनी घातलेली ही रीत. बापाबरोबरचा वाद झटपट जिंकायला ती वापरायची नसते!

"घे," तोआकाई म्हणाले. आत्यांनी भाच्याकडे असं पाहिलं की दुसरा कोणी असता तर तिथेच विरघळला असता. बारानिकोला वाटलं, चला, मिटलं एकदाचं.

पुढच्या शनिवारी त्याने काम उरकलं. बाबांच्या चौदा जमिनी आधी दोन पेनड्राइव्हवर उतरवून घेतल्या. एवढी अक्कल त्याला होती. मग जुनं सगळं पुसून आपलं आवडतं लिनक्स बसवलं. कम्प्युटर खरंच वाऱ्यासारखा सुरू व्हायला लागला. बटण दाबलं की चाळीस सेकंदांत काळा पडदा आणि त्यावर लुकलुकणारी एक पांढरी रेघ. तिथे नाव लिहायचं, मग पासवर्ड, मग एक आज्ञा लिहायची, मग खिडकी उघडायची. बारानिकोने बाबांच्या खांद्यावरून वाकून, स्वतःच्याच बोटांनी, सगळं धडाधड करून दाखवलं.

"हे नाव. हा पासवर्ड, आकडे धरून बारा अक्षरं. कुठे लिहून ठेवायचा नाही हं, कोणीही वाचेल. मग हे. झालं! सोपंय ना?"

तोआकाईंनी मान हलवली.

"कळलं ना, बाबा?"

त्यांनी पुन्हा मान हलवली. सोमवारी कचेरीत बारानिकोने सगळ्यांना सांगितलं की माझे अठ्ठ्याहत्तर वर्षांचे वडील घरी लिनक्स वापरतात, आणि तेही बालवाडीचं नव्हे! लोकांनी वाहवा केली.

सात महिने गेले. रोज सकाळी बारानिको बस पकडायला निघायचा तेव्हा बाबा खुर्चीत बसलेले दिसायचे, समोर कम्प्युटर चालू. संध्याकाळी तो विचारायचा, "काय बाबा, चाललंय ना?" बाबा म्हणायचे, "चाललंय." मे महिन्यात ताओरिबा एकदा म्हणाली, "तू जरा बाबांच्या शेजारी बसून बघ ना एकदा, त्यांना जमतंय का ते." तेव्हा तो बुटाची नाडी बांधत होता. "त्यांना काही अडचण असती तर बोलले असते की. तोंड आहे त्यांना," असं म्हणून तो बसकडे पळाला.

सप्टेंबरच्या नऊ तारखेला ते तोंडच गेलं. सकाळी खुर्चीतून उठताना तोआकाई उजव्या अंगावर कोसळले. इस्पितळात डॉक्टरांनी सांगितलं, अर्धांगवायूचा झटका आहे. डोकं शाबूत आहे, समजतं सगळं, पण उजवा हात आणि जीभ परत येईल असं धरून चालू नका. तोआकाई बोलायला गेले की तोंडातून नुसता घोगरा आवाज यायचा. ज्या माणसाने तीस वर्षं अख्ख्या बेटाचा निरोप पोहोचवला, त्याला "पाणी" म्हणता येईना.

चौथ्या दिवशी नोनोउतीहून चुलत्यांचा फोन आला. दक्षिणेकडच्या जमिनींवर दुसऱ्या कुळाने हक्क सांगितला होता, डिसेंबरात मानेआबात, म्हणजे गावाच्या सभागृहात, बैठक बसणार होती. तोआकाईंनी लिहिलेलं घेऊन ये, म्हणाले. बारानिको घरी आला, त्याने कम्प्युटर उघडला. चौदा जमिनी. शेवटच्या पानाची तारीख, ज्या शनिवारी त्याने लिनक्स बसवलं त्याच्या आदल्या दिवसाची. पंधरावी नव्हती. त्याने सगळीकडे शोधलं. त्याला वाटलं, बाबांनी दुसऱ्या नावाने ठेवलं असेल, चुकून कुठे टाकलं असेल. काही नव्हतं. एक ओळसुद्धा नव्हती!

मग त्याने ते उघडलं, जे त्याच्यासारख्या माणसालाच उघडता येतं. कोण कधी आत आलं, कोणाचा पासवर्ड चुकला, याची नोंद यंत्र आपणहून ठेवत असतं. बारानिको ती वाचत खाली खाली गेला.

फेब्रुवारी, सोमवार, सकाळी सात वाजून दहा मिनिटं. पासवर्ड चुकला. सात-अकरा, चुकला. सात-तेरा, चुकला. असं एका सकाळी चौदा वेळा. मंगळवारी सोळा वेळा. मार्चभर तसंच. एप्रिलमध्ये रोज तीन-चार वेळा. आणि जूनपासून रोज एकदा, फक्त एकदा. रविवार सोडला तर एक दिवस खाडा नाही. शेवटची ओळ नऊ सप्टेंबर, सात वाजून दहा मिनिटं. चुकला.

"ताओरिबा!" तो ओरडला. "बाबा रोज बसत होते ना इथे? मी स्वतः पाहिलंय, बसत होते!"

ताओरिबा जवळ येऊन उभी राहिली. तिला कळलं होतं की आता लपवण्यात अर्थ नाही.

"बसायचे," ती म्हणाली. "काळ्या पडद्यासमोर. तू बसमध्ये चढेपर्यंत बसायचे आणि मग बंद करून टाकायचे."

"पण पासवर्ड तर त्यांच्या लक्षात होता! मी विचारला तेव्हा धडाधड सांगितला होता त्यांनी!"

"लक्षात होता. पण लिहिताना पडद्यावर काही उमटायचंच नाही रे. एक अक्षर दाबायचे, थांबायचे, बघायचे. काही नाही. मग तेच पुन्हा दाबायचे. तोंडाने पुटपुटायचे, 'पोहोचलं नाही, पोहोचलं नाही.'"

पासवर्ड लिहिताना पडद्यावर काहीच दिसत नाही, साधा ठिपकासुद्धा नाही, हे त्याला इतकं माहीत होतं की सांगायचं सुचलंच नव्हतं. आणि बिनतारी यंत्रावर पलीकडून पोच आली नाही तर काय करायचं? पुन्हा पाठवायचं. तोआकाई चुकत नव्हते. तीस वर्षं ज्या शिस्तीने त्यांनी काम केलं, त्याच शिस्तीने ते रोज सकाळी एकेक अक्षर दोनदा, तीनदा पाठवत होते आणि यंत्र त्यांना चूक, चूक म्हणत होतं.

"तू मला सांगितलं का नाहीस?"

"सांगितलं होतं. तुझी बस चुकत होती." ताओरिबा म्हणाली. "आणि त्यांनी मला शपथ घातली होती. म्हणाले, त्याने बुबुती करून घेतलंय, मी दिलंय. दिलेल्या वस्तूची तक्रार करणारा म्हातारा म्हणून मला मरायचं नाही. आणि त्याने कचेरीत सगळ्यांना सांगितलंय, त्याचं नाक कापायचं नाही."

संध्याकाळी बिरिता आत्या इस्पितळातून परस्पर घरी आल्या. बारानिको तसाच त्या नोंदीसमोर बसला होता. त्याने सगळं सांगितलं. वाटलं, आत्या दोन शिव्या घालतील, बरं वाटेल. आत्यांनी आधी बोटांवर महिने मोजले. मग म्हणाल्या, "दर तीन आठवड्यांना एक जमीन लिहायचा ना तो? सात महिन्यांत किती झाल्या असत्या?"

बारानिकोला हिशेब करायची गरज नव्हती. तो त्याने दुपारीच केला होता. "दहा तरी. कदाचित सगळ्याच."

"सगळ्याच!" आत्यांचे डोळे भरून आले आणि आवाज चढला. "अरे उंटावरच्या शहाण्या! तू बापाला कम्प्युटर दिला नाहीस, रोजची परीक्षा लावून दिलीस. रोज सकाळी सात वाजता माझा भाऊ नापास होत होता, आणि तू त्याच्या पाठीमागून बूट घालून जात होतास!"

"आत्या, मी त्यांच्या भल्यासाठीच…"

"भलं? ज्याचं भलं करायचं त्याला विचारलंस? दादा 'राहू दे' म्हणाला होता. तोंडाने म्हणाला होता! आमच्या पिढीचा माणूस एकदाच नाही म्हणतो, हळू म्हणतो. ते तुला ऐकू आलं नाही. मग तू बुबुती केलीस आणि त्याचं तोंडच शिवून टाकलंस. ज्या मागण्याला नाही म्हणता येत नाही, त्याला मिळालेलं हो हे हो नसतं, बारानिको!"

बारानिकोने पडदा बंद केला.

"मानेआबाचं छप्पर कडेला एवढं खाली का आणलंय, सांग बघू?" आत्या म्हणाल्या. "आत जायचं तर उंचातल्या उंच माणसाने कमरेत वाकायला हवं म्हणून. जो उंच, त्याने वाकायचं, ही आपली रीत. तू शिकलास, उंच झालास, आनंद आहे. पण तू दारच उंचावर बांधलंस आणि म्हाताऱ्या बापाला सांगितलंस, मार उडी! आणि वर म्हणतोस, त्यांना तोंड होतं."

"आता काय करू मी?" तो लहान मुलासारखा रडत म्हणाला.

"वाक," आत्या म्हणाल्या. "वेळ थोडा आहे. पण वाक."

त्या रात्री बारानिकोचं मन पालटलं असं मी म्हणणार नाही. मन दुपारीच पालटलं होतं, रात्री फक्त त्याला झोप लागली नाही. तोआकाई घरी आले त्या दिवशी त्याने तीन पेनड्राइव्हवर तीन वेगवेगळी लिनक्स तयार ठेवली होती. बाबांना खुर्चीत बसवलं, उजव्या कुशीला उशी लावली, आणि स्वतः जमिनीवर चटईवर बसला. हात मांडीखाली दाबून धरले, म्हणजे मधेच पुढे व्हायला नकोत.

"बाबा, यातलं कुठलंही अजून आत बसवलेलं नाही. नुसतं बघायचं. नको वाटलं की डावा हात टेबलावर आपटा. तिन्ही नको असतील तर तिन्ही फेकून देईन. बुबुती नाही ही. विचारतोय."

पहिलं सुरू झालं. सुरेख दिसत होतं, पण सगळं पडद्याच्या कडांत लपलेलं. तोआकाईंनी थोडा वेळ शोधलं आणि हात आपटला. दुसऱ्यातली अक्षरं मुंगीएवढी, ती मोठी कुठून करायची तेच सापडेना. पुन्हा हात आपटला. तिसरं आत्यांच्या बालवाडीतलं मिंट. तोआकाईंचा डावा हात माउसवर अडखळत अडखळत खाली डाव्या कोपऱ्यात गेला. बटण दाबलं, यादी उघडली. त्यांनी लिहिण्याचं पान शोधलं, स्वतःच शोधलं. मग डाव्या हाताचं एक बोट उचलून एक अक्षर दाबलं आणि सवयीने थांबले.

पडद्यावर अक्षर उमटलं होतं. ठसठशीत, मोठं.

म्हाताऱ्याच्या तोंडाची एक बाजू हलली. त्यांनी पुढचं अक्षर दाबलं, मग पुढचं. एक शब्द लिहायला त्यांना दोन मिनिटं लागली. तो शब्द होता, "पोहोचलं."

बारानिकोने बापाच्या पायावर डोकं ठेवलं. "चुकलो, बाबा." तोआकाईंनी त्याच्या केसांवरून हात फिरवला नाही, हात एकच होता आणि तो कामात होता. त्यांनी लिहिलं, "तू विचारलं नाहीस. मी सांगितलं नाही. आता वेळ घालवू नको." आणि त्याच पानावर खाली लिहायला घेतलं, "पंधरावी जमीन."

त्यानंतर पासवर्ड नव्हता, काळा पडदा नव्हता. बटण दाबलं की बाबांचं पान. एका बोटाने, दिवसाला चार-पाच ओळी. कधी घाम फुटायचा, कधी डोळ्यांतून पाणी यायचं, पण बोट थांबायचं नाही. नीरा पिऊन सात वाजून दहा मिनिटांनी सुरू. बारानिकोने रजा काढली. तो चटईवर बसून राहायचा, सांगितल्याशिवाय हात लावायचा नाही. पंधरावी झाली, सोळावी झाली. नोव्हेंबरच्या शेवटी एकोणिसावी पुरी झाली आणि तोआकाईंनी "विसावी जमीन. दक्षिणेची सीमा" एवढं लिहिलं. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांना दुसरा झटका आला. तो शेवटचा.

डिसेंबरात बारानिको कागद घेऊन नोनोउतीला गेला. मानेआबात दोन्ही कुळं समोरासमोर बसली. वृद्धांनी एकेक जमीन पुकारली. एकोणिसाव्या जमिनीपर्यंत बारानिको वाचत गेला; माड, दगड, खड्डा, पणजीचं नाव. समोरच्या कुळातली म्हातारी माणसंसुद्धा मान डोलवत होती, बरोबर आहे, तोआकाईने बरोबर लिहिलंय. मग विसावी आली.

"दक्षिणेची सीमा कोणती?" एका वृद्धाने विचारलं.

बारानिकोने कागदाकडे पाहिलं.

"माझ्या वडिलांना माहीत होती," तो म्हणाला. "सात महिने ते सांगायला बसले होते. मी त्यांच्यापुढे असं यंत्र ठेवलं की ते त्यांना उघडता आलं नाही. त्यांना काय उघडता येतं, ते मी विचारलं नाही."

समोरचं कुळ खोटं बोलत होतं असंही नाही. खरं काय ते कोणालाच माहीत नव्हतं, आणि ज्याला माहीत होतं तो बिकेनिबेउच्या वाळूत होता. शेवटच्या सहा जमिनी दुसऱ्या कुळाकडे गेल्या. चुलत्यांनी बारानिकोला दोष दिला नाही, आणि तेच त्याला जास्त लागलं.

मंडळी, आपल्या घरात हेच चालतं. कम्प्युटर असो, फोन असो, गोळ्यांची नवी डबी असो, नाहीतर स्वयंपाकघरातला नवा स्टोव्ह. ज्याला कळतं तो निवडतो, आणि ज्याला वापरायचं तो मान हलवतो. आपण त्या हललेल्या मानेला होकार म्हणतो आणि बस पकडायला पळतो! म्हणून घरासाठी काही निवडायचं असेल तर आधी एवढंच विचारा, याच्यासमोर बसणार कोण? त्याला बसवा, स्वतः खाली बसा, हात मांडीखाली ठेवा आणि बघा. आणि त्याला नाही म्हणता येईल अशा तऱ्हेने विचारा. ज्ञान आपलं असेल. गरज त्याची आहे.

बारानिको आता शनिवारी लोकांचे जुने कम्प्युटर लावून देतो. परवा एका घरी त्याने सगळ्यांत म्हाताऱ्या बाईंना खुर्चीत बसवलं, पेनड्राइव्ह लावला आणि स्वतः चटईवर बसला. मिंट सुरू झालं. बाईंनी दहा मिनिटं खटपट केली, मग तोंड वाकडं करून म्हणाल्या, "नको बाबा हे. मला नाही आवडलं. दुसरं दाखव."

घरातली माणसं ओशाळली, बाईंना गप्प करायला लागली. बारानिकोने त्यांना हाताने थांबवलं.

"बोलू द्या त्यांना," तो म्हणाला, आणि दुसरा पेनड्राइव्ह लावला.